ओळखीतून अर्ज की थेट अर्ज? रेफरलबद्दल उमेदवारांना वारंवार पडणारे प्रश्न

मी बरीच वर्षं भरतीचं काम करते. त्याआधी मी स्वतः उमेदवार होते. त्यातले दोन अनुभव सांगते. पहिल्यांदा पोर्टलवर अर्ज टाकला होता, दुसऱ्यांदा एका जुन्या सहकारी मैत्रिणीने तिच्या कंपनीत माझं नाव पुढे केलं होतं, म्हणजेच रेफरल दिला होता. दोन्ही वेळा नोकरी मिळाली. पण पहिल्या वेळी अर्ज केल्यापासून रुजू होईपर्यंत मी एकटी होते, दुसऱ्या वेळी नव्हते. उमेदवारांशी बोलताना मला सारखं जाणवतं की रेफरलचा सगळ्यात मोठा फायदा निवडीत नसतोच, तो उत्तर मिळण्यात असतो. कुणाला तरी विचारता येतं आणि समोरून कुणीतरी सांगतं. मला सतत विचारले जाणारे प्रश्न खाली देते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे लोक खरोखर अडकतात.

रेफरल दिला म्हणजे नेमकं काय होतं? माझा रेझ्युमे जातो कुठे?

बहुतेक मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी वेगळं अंतर्गत पोर्टल असतं. मोकळ्या जागा तिथे दिसतात. कर्मचारी तुमचं नाव, ईमेल आणि रेझ्युमे टाकतो किंवा तुम्हाला लिंक पाठवतो आणि अर्ज तुम्ही भरता. त्यानंतर तुमचा अर्ज इतर सगळ्यांच्या अर्जांबरोबर त्याच यादीत पडतो. फक्त त्यावर 'कर्मचाऱ्याकडून' अशी खूण असते आणि नाव कुणी दिलं ते आम्हाला दिसतं.

त्या फॉर्ममध्ये एक छोटा रकाना असतो: 'या व्यक्तीला तुम्ही कसे ओळखता?' उमेदवाराला तो कधीच दिसत नाही, पण मी तो सगळ्यात आधी वाचते. 'माझा मित्र आहे, खूप मेहनती आहे' असं असेल तर मला काहीच कळत नाही. 'दोन वर्षं एका टीममध्ये होतो, रात्री सिस्टीम बंद पडली की सगळे हिलाच फोन करायचे' असं असेल तर मी रेझ्युमे लगेच उघडते. लहान कंपन्यांत पोर्टल वगैरे काही नसतं. साहेबांच्या टेबलापाशी जाऊन 'माझ्या माहितीत एक जण आहे' म्हणणं, हाच तिथला रेफरल.

मग हा वशिलाच झाला ना?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज खाली येतो. साहजिक आहे. 'वशिल्याचं तट्टू' हे शब्द आपल्याकडे शिवीसारखेच वापरले जातात, आणि स्वतःच्या बळावर शिकलेल्या माणसाला ते फार लागतात. पण वशिल्यात निकाल आधी ठरतो आणि मुलाखत नंतर उरकली जाते. रेफरलमध्ये तुमचा अर्ज कुणीतरी वाचेल, एवढंच ठरलेलं असतं. पुढचं काहीच ठरलेलं नसतं.

दोन्हींतला फरक ओळखायला मी एकच गोष्ट बघते. नाव देणाऱ्याचा निवडीत हात आहे का? मुलाखत घेणारा तोच, गुण देणारा तोच आणि होकार देणाराही तोच असेल तर त्याला रेफरल म्हणू नये. नीट चालणाऱ्या ठिकाणी नाव देणारा मुलाखतीला बसत नाही, नातं असेल तर ते आधी लेखी सांगावं लागतं, आणि सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारले जातात.

माणसं नावं देताना काय विचार करतात यावर एक सुंदर प्रयोग आहे. लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर या अर्थशास्त्रज्ञांनी तो कोलकात्यात केला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं की तुमच्या ओळखीतला एक जण या कामासाठी आणा. काहींना ठरलेली रक्कम मिळणार होती, तर काहींची रक्कम आणलेल्या माणसाच्या कामगिरीवर अवलंबून होती. ज्यांचे पैसे कामगिरीवर होते, त्यांनी नातेवाईक कमी आणले आणि सोबत काम केलेले लोक जास्त आणले. म्हणजे स्वतःला झळ बसणार असेल तर माणूस नात्यापेक्षा काम बघतो. तुमची मैत्रीण कंपनीत आपलं नाव पणाला लावून तुमचं नाव देते तेव्हा तिलाही अशीच झळ बसू शकते. म्हणून ती डोळे मिटून नाव देत नाही, आणि तुम्हीही संकोच करू नये.

थेट अर्ज केला की काहीच कळत नाही. मुद्दाम असं करतात का?

मुद्दाम नाही, पण म्हणून ते बरोबरही नाही.

माझा पहिला अर्ज मला अजून आठवतो. रेझ्युमे अपलोड केला आणि पुढच्या पानावर तोच सगळा मजकूर पुन्हा चौकटींमध्ये भरायला लावला: शाळा, वर्ष, टक्के, आधीची कंपनी, सोडण्याचं कारण. पाऊण तास लागला. बटण दाबल्यावर दोन मिनिटांत मेल आला, 'आपला अर्ज मिळाला आहे. पात्र असल्यास आम्ही संपर्क करू.' नंतर पाच आठवडे काही नाही. मी रोज सकाळी उठल्यावर पोर्टल उघडायचे आणि तिथे रोज 'विचाराधीन' एवढंच दिसायचं. एकदा रंग बदलल्यासारखा वाटला म्हणून स्क्रीनचा फोटो काढून भावाला पाठवला होता.

आता या बाजूने पाहिल्यावर कळतं की त्या पाच आठवड्यांत माझ्याबद्दल कुणीही काहीही ठरवत नव्हतं. आधी एक वरिष्ठ रजेवर असतो. मग त्या जागेचं बजेट अडकतं. तोवर कंपनीतलाच एक जण त्या जागेसाठी विचारात घेतला जातो. कधीकधी जाहिरात चालू राहते आणि माणूस ठरलेला असतो. अर्जांचा ढीग असतो, आणि भरती करणारा तो वरून खाली वाचत नाही. नाव, कौशल्य, अनुभव टाकून शोधतो. अर्जाच्या सुरुवातीचे होय-नाही प्रश्न असतात ना, परवाना आहे का, अमुक वर्षांचा अनुभव आहे का, त्यातलं एखादं उत्तर बसलं नाही तर अर्ज आपोआप बाजूला पडतो. त्यामुळे ते प्रश्न घाईत भरू नका. रेझ्युमेमध्ये तक्ते, दोन स्तंभ, चित्रं टाळा. बऱ्याच यंत्रणांना ती नीट वाचता येत नाहीत. तारखा मजकुरात लिहा.

पण उमेदवाराला खरा त्रास नकाराचा होत नाही. नकार पचतो. त्रास होतो तो कंपनीच्या गप्प बसण्याचा, कारण मग माणूस स्वतःच कारणं शोधत बसतो. वय जास्त झालं का, मधली दोन वर्षं रिकामी दिसतात म्हणून का, कॉलेज साधं म्हणून का. मी ज्यांना नाही म्हणते त्यांना कळवतेच. यंत्रणेत एक बटण दाबलं की मेल जातो. ज्यांच्याकडे हे बटण आहे त्यांनी ते दाबलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

रेफरलने निवड होण्याची शक्यता खरंच वाढते का?

हो, वाढते. रोबेर्तो फर्नांडेझ आणि नॅन्सी वाइनबर्ग यांनी १९९७ मध्ये एका बँकेच्या भरतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीतून आलेल्यांचे रेझ्युमे त्या कामाला जास्त जुळणारे होते आणि त्यांनी अर्जही योग्य वेळी केले होते. हा वेळेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आतल्या माणसाला जागा निघणार हे आधी कळतं, आणि जागा निघाल्यावर पहिल्या काही दिवसांत आलेले अर्ज जास्त शांतपणे वाचले जातात. त्या अभ्यासात रेझ्युमे आणि वेळ यांवरून सगळा फायदा समजावून सांगता आला नाही. तेवढेच पात्र असतानाही ओळखीतले लोक पुढे गेले.

२०१५ मध्ये कॉल सेंटर, ट्रक वाहतूक आणि तंत्रज्ञान अशा तीन क्षेत्रांतल्या नऊ कंपन्यांच्या माहितीवर मोठा अभ्यास आला. त्यात रेफरलने आलेल्यांची निवड जास्त वेळा झाली, मिळालेली ऑफर त्यांनी जास्त वेळा स्वीकारली आणि नोकरी कमी वेळा सोडली. यातला मधला मुद्दा उमेदवाराच्या बाजूने वाचा. ऑफर जास्त वेळा का स्वीकारतात? कारण आत काय आहे हे त्यांना बऱ्यापैकी माहीत असतं.

म्हणजे मुलाखत सोपी जाते?

नाही. कधीकधी अवघडच जाते, कारण मुलाखत घेणाऱ्याने तुमच्याबद्दल काहीतरी ऐकलेलं असतं आणि त्याच्या अपेक्षा वाढलेल्या असतात. तयारी तेवढीच करा.

कंपनीतल्या माणसाला मी काय विचारू? 'माझा रेझ्युमे पुढे पाठव' याच्या पलीकडे सुचत नाही.

बहुतेक लोक रेफरल वाया घालवतात तो इथेच. रेझ्युमे पाठवला, 'थँक्यू' म्हटलं, विषय संपला. अहो, समोर असा माणूस आहे जो रोज त्या ऑफिसात जातो! त्याच्याकडे जे आहे ते कुठल्याही जाहिरातीत मिळणार नाही.

माझ्या मैत्रिणीने नाव देण्याआधी मला रात्री फोन केला होता. तिचं वाक्य अजून कानात आहे: 'मॅनेजर माणूस चांगला आहे, पण निर्णय घ्यायला घाबरतो. महिन्याचा शेवटचा आठवडा घर विसरायचं. आणि आधीची मुलगी का सोडून गेली ते मुलाखतीत विचार, ते काय सांगतात ते ऐक.' मी तो प्रश्न विचारला. समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग एकाने खरं सांगितलं की काम दोन माणसांचं होतं, आम्ही एकीवर टाकलं, आता दुसरी जागा भरतो आहोत. मी ती नोकरी घेतली आणि पहिल्या महिनाअखेरीस रात्री उशिरापर्यंत बसावं लागलं तेव्हा मला राग आला नाही. मला माहीत होतं. पहिल्या नोकरीत याच गोष्टीचा मला तिसऱ्या महिन्यात धक्का बसला होता आणि फसवल्यासारखं वाटलं होतं. काम दोन्हीकडे सारखंच होतं. एकीकडे मी तयार होते, दुसरीकडे नव्हते.

तर विचारा: ही जागा नवी आहे की कुणी सोडली म्हणून? सोडली तर का? सुट्टी मागताना लोक कचरतात का? मॅनेजर चूक झाल्यावर सगळ्यांसमोर बोलतो की बाजूला घेऊन? गेल्या दोन वर्षांत या टीममधून कुणाला बढती मिळाली? आणि सगळ्यात शेवटी, तुझ्या सख्ख्या बहिणीला तू इथे येऊ दिलं असतंस का? या शेवटच्या प्रश्नावर माणूस जेवढा वेळ थांबतो, त्यात बरंच काही कळतं.

माझी कुठेच ओळख नाही. घरातली मी पहिलीच नोकरी करणारी. माझ्यासारख्यांनी काय करायचं?

आधी 'ओळख' म्हणजे काय ते नीट बघू. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या पुरुषांचा अभ्यास केला. ते व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कामांतले होते. निम्म्याहून थोड्या जास्त जणांना नोकरी ओळखीतून कळली होती. पण ही ओळख किती घट्ट होती? ओळखीतून नोकरी मिळालेल्या शंभरांपैकी फक्त सुमारे १७ जण त्या माणसाला वरचेवर भेटत होते. उरलेल्यांची गाठ अधूनमधून किंवा क्वचितच पडायची. सख्खे मित्र आपल्याच वर्तुळात असतात, त्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या ठिकाणी उठतो-बसतो, म्हणून त्याच्याकडे वेगळी बातमी असते. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या प्रयोगांवरून हेच पुन्हा तपासलं गेलं. अगदी जवळच्या नात्यांपेक्षा मध्यम दूरच्या ओळखींनी नोकरी बदलायला जास्त मदत केली. अगदीच नावापुरती ओळख मात्र फार कामी आली नाही.

म्हणजे मामा-काका मोठ्या हुद्द्यावर नसतील तरी तुमची यादी रिकामी नसते. दोन वर्षं पुढे असलेली कॉलेजची ताई, प्रशिक्षणात शेजारी बसलेला मुलगा, जुन्या ऑफिसातून सोडून गेलेली अकाउंट्सची बाई, शिकवणीचे सर. एक कागद घ्या आणि नावं लिहा. बारा-पंधरा तरी निघतात, मी अनेकांबरोबर बसून हे केलं आहे. मुलींना मी खास सांगते की विचारायला लाजू नका. मुलगे अर्ध्या ओळखीवर विचारतात आणि मुली पूर्ण ओळख असूनही 'बरं दिसेल का' यात अडकतात, असं मी बघत आले आहे.

आणि हेही खरं आहे की काहींची यादी खरोखर लहान असते, त्यात त्यांचा दोष नसतो. त्याबद्दल खाली बोलते.

मेसेज कसा लिहू? समोरच्याला ओझं वाटायला नको.

मला येणारे निम्मे मेसेज असे असतात: 'हाय मॅम, तुमच्या कंपनीत माझ्यासाठी काही ओपनिंग आहे का? रेझ्युमे जोडला आहे. प्लीज बघा.' यात सगळं काम माझ्यावर टाकलं आहे. मी जागा शोधायच्या, मी जुळवायचं. असा मेसेज राहून जातो, मनात असूनही.

एका मुलीने मागच्या वर्षी लिहिलेला मेसेज तिला विचारून मी इतरांना दाखवते. साधारण असा होता: 'नमस्कार ताई, आपण मागच्या कार्यशाळेत एका गटात होतो. तुमच्या कंपनीत गोदाम नियोजनाची जागा निघाली आहे, तिचा क्रमांक खाली दिला आहे. मी तीन वर्षं साठा मोजणी आणि पुरवठादारांचं काम बघते. तुम्ही माझं काम पाहिलेलं नाही, त्यामुळे नाव द्यावं असा आग्रह नाही. पण त्या विभागात काम कसं चालतं हे दहा मिनिटं फोनवर सांगाल का? नाही जमलं तरी काही हरकत नाही.' मी त्याच संध्याकाळी फोन केला. बोलणं चाळीस मिनिटं चाललं आणि शेवटी नाव मीच देते म्हटलं. तिने कोण, कुठली ओळख, कोणती जागा आणि काय केलं आहे हे सगळं सहा-सात ओळींत सांगितलं होतं, आणि 'नाही' म्हणायची वाट मोकळी ठेवली होती.

ओळखीचा माणूस 'रेफर करतो' म्हणाला आणि महिना झाला, काहीच नाही.

विसरला असेल. आठवडाभराने एकदा आणि दहा दिवसांनी परत एकदा आठवण करा, तिसऱ्यांदा नको. त्याला लागेल ते सगळं एका मेसेजमध्ये द्या: जागेचा क्रमांक, रेझ्युमे, तुमच्याबद्दल दोन ओळी ज्या तो तशाच चिकटवू शकेल. जाहिरातीची मुदत संपत असेल तर वाट बघू नका, थेट अर्ज करून टाका.

आधीच थेट अर्ज केला असेल तर रेफरल चालतो का?

कंपनीवर आहे. अनेक यंत्रणा तुमचा ईमेल आधीच्या नोंदीत सापडला की रेफरल धरत नाहीत, निदान काही महिने. म्हणून कुणाला विचारायचं मनात असेल तर आधी विचारा, मग अर्ज करा. चालत नसेल तरी तो माणूस भरती विभागाला एक मेल टाकू शकतो, 'हा अर्ज बघा.' तेही कामाचं असतं.

एकाच जागेसाठी दोघांना सांगितलं तर?

नको. सहसा पहिली नोंद धरली जाते, दुसरा तोंडघशी पडतो आणि तुमच्याबद्दल दोघांचंही मत बिघडतं.

माझं नाव दिल्याबद्दल मित्राला कंपनीकडून बोनस मिळणार आहे. मग तो कंपनीबद्दल खरं सांगेल का?

बोनस मिळतो, पण बऱ्याच ठिकाणी तुम्ही रुजू होऊन तीन ते सहा महिने टिकलात तरच. म्हणजे खोटं सांगून तुम्हाला आत आणण्यात त्याचाही फारसा फायदा नाही. तरीही शंका चुकीची नाही. युरोपातल्या एका किराणा साखळीत वेगवेगळ्या दुकानांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे वेगवेगळे बोनस देऊन बघितले, तेव्हा बोनस मोठा केल्यावर नावं वाढली पण आणलेल्या माणसांचा दर्जा उतरला.

त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. रेफरल योजना जिथे सुरू झाली तिथे नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यातला मोठा भाग रेफरलने आलेल्यांमुळे नव्हता. बाकीचेच लोक जास्त टिकले. भरतीत आपल्याला विचारतात, आपलं मत मोजतात, एवढ्यानेही माणसाचा पाय तिथे रुततो, असा मी त्याचा अर्थ लावते. तुमच्या मित्राला सरळ विचारा, 'बोनस आहे का रे?' चांगला मित्र 'आहे' म्हणतो आणि तरी तोटे सांगतो.

रेफरल असूनही नकार आला. आता मित्राला तोंड कसं दाखवू?

हे माझ्याबाबतीत घडलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एका ठिकाणी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मोठ्या विश्वासाने माझं नाव दिलं होतं. दुसऱ्या फेरीत मी अडखळले. एका साध्या प्रश्नावर डोकं रिकामं झालं. कंपनीने मला काही कळवलंच नाही; बातमी त्यालाच कळली आणि ती मला कशी सांगावी हे त्याला समजेना. तीन आठवडे आम्ही दोघंही फोन टाळत होतो. मला वाटत होतं मी त्याचं नाव खराब केलं. त्याला वाटत होतं त्याने मला उगीच आशा लावली. शेवटी मीच फोन केला आणि म्हटलं, 'अरे, झालं नाही. तू नाव दिलंस हे मी विसरणार नाही.' तो इतका मोकळा हसला की मला रडू आलं.

थेट अर्जातला नकार एकट्याचा असतो. रेफरलमधला नकार दोघांचा असतो, आणि याचा विचार आधी कुणी करत नाही. म्हणून निकाल कळला की त्याच दिवशी तुम्हीच सांगा. दोन वाक्यं पुरे. भरती करणाऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे की उमेदवाराला आधी कळवा, नाव देणाऱ्याला नंतर. निरोप्याचं काम त्याच्यावर टाकू नका.

ऑफर आली, पण घ्यायची नाही. उपकार मोडल्यासारखं होईल का?

त्याने तुमचं नाव दिलं, तुम्ही आयुष्य लिहून दिलं नाही. नाही म्हणा, पण वेळेवर म्हणा आणि कंपनीला कळवण्याआधी त्याला फोनवर सांगा, मेसेजवर नाही. लोक दुखावतात ते नकाराने नाही, दुसऱ्याकडून कळल्याने.

रुजू होऊन लगेच सोडण्याची वेळ आली तर तेच. मी नाव दिलेला एक मुलगा दोन महिन्यांत गेला. मला वाईट वाटलं, पण जाण्याआधी तो माझ्याजवळ बसला आणि घरची अडचण सांगितली. मी त्याचं नाव आजही देईन. याच ओझ्यापोटी काही जण नको त्या नोकरीत वर्षानुवर्षं बसून राहतात, वाईट वागणूक सोसतात, कारण 'तिने शब्द टाकला होता'. कृपा करून असं करू नका. शब्द टाकणाऱ्यालाही ते नको असतं.

पगार जास्त मिळतो का?

सुरुवातीला थोडा मिळू शकतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या नोंदींवर २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासात रेफरलवाल्यांचा पगार सुरुवातीला थोडा जास्त होता आणि काही वर्षांत तो फरक मिटला. पगाराची बोलणी मित्रामार्फत करू नका. ती भरती विभागाशी थेट करा. मित्राला फक्त या हुद्द्याला साधारण काय देतात एवढं विचारा.

ज्यांची ओळखच नाही त्यांच्यावर हा अन्याय नाही का?

आहे. मी रोज रेफरल वाचते आणि तरीही हे म्हणते.

माणूस आपल्यासारख्यांना ओळखतो. त्याच कॉलेजचे, त्याच वस्तीतले, त्याच भाषेचे. कंपनीत आधीच एका प्रकारचे लोक असतील तर त्यांनी आणलेले लोकही तसेच असणार, कुणाच्याही मनात वाईट हेतू नसताना. आफ्रिकेतल्या मलावी देशात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुषांना मोकळीक दिली तेव्हा त्यांनी स्त्रियांची नावं फारच कमी दिली. आणि 'स्त्रीचंच नाव द्या' म्हटल्यावर मात्र त्यांनीच पात्र स्त्रिया शोधून आणल्या. माहीत होत्या, पण आठवल्या नव्हत्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ गप्प बसले होते.

पण थेट अर्ज म्हणजे निखळ न्याय असंही नाही. शिकागो आणि बोस्टनमध्ये सारख्याच दर्जाचे रेझ्युमे वेगवेगळी नावं घालून जाहिरातींना पाठवले, तर गोऱ्या लोकांची वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीयांची वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त वेळा बोलावणं आलं. २००४ चा हा अभ्यास आहे. म्हणजे ओळख नसलेल्या रांगेतही नावाकडे बघितलं जातंच.

म्हणून रेफरल बंद करा असं मी म्हणत नाही. प्रत्येक जागा बाहेर जाहीर व्हावी, रेफरल आणि थेट अर्ज दोन्हींना तेच प्रश्न आणि तीच गुणपत्रिका असावी, आणि अंतिम यादीत थेट अर्ज केलेलेही असावेत, एवढं झालं तरी खूप फरक पडेल. मी माझ्या कामात तिसरी गोष्ट पाळते. यादी सगळी रेफरलची आली तर ती परत पाठवते.

मग थेट अर्जात चांगलं असं काही आहे का?

आहे की. कुणाचं देणं नसतं. पहिल्या नोकरीत मला वाटेल ते विचारता यायचं, भांडता यायचं, सोडता आलं, कारण माझ्यामुळे कुणाची मान खाली जाणार नव्हती. तुमची ओळख तुमच्या कामापासून सुरू होते, 'ही अमकीची मैत्रीण' इथून नाही. काही उमेदवारांना हे मोकळेपण फार मोलाचं असतं आणि ते ओळख असूनही रेफरल घेत नाहीत. मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. मात्र त्या माणसाला फोन करून आतली माहिती जरूर घ्या. नाव घ्यायचं नाही म्हणजे बोलायचंही नाही असं थोडंच आहे?

रेफरलसाठी कुणी पैसे मागत असेल तर?

देऊ नका. रेफरल विकत मिळत नाही, मिळत असेल तर तो फसवणारा आहे. कंपनीला कळवा.

आता मी नोकरीत आहे आणि एक अनोळखी मुलगा रेफरल मागतो आहे. देऊ का?

खोटं लिहू नका, एवढं पाळलं तर देता येतो. त्याच्याशी आधी पंधरा मिनिटं बोला. मग त्या 'कसे ओळखता' रकान्यात जे खरं आहे तेच लिहा. मी अशा एका मुलासाठी लिहिलं होतं: 'सोबत काम केलेलं नाही. फोनवर बोलले. त्याने स्वतः बनवलेली हजेरीची शीट दाखवली, त्यात चूक कुठे होती आणि ती त्याने कशी पकडली हे नीट सांगितलं. मुलाखत घ्यावी असं वाटतं.' त्यांनी मुलाखत घेतली.